स्वीकार, सोसणे आणि शरण जाणे



अलीकडे आपल्या कीर्तनांत एक वाक्य हटकून ऐकू येते. ‘परदेशातले शास्त्रज्ञ आज जे शोधत आहेत, ते आमच्या संतांनी सातशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले!’ वाक्य आले की टाळ्या पडतात, मृदंगी एक थाप देतो आणि कीर्तनकार पुढच्या चरणाकडे वळतो. शास्त्रज्ञांनी नेमके काय शोधले, हे सांगायला कोणी थांबत नाही. हल्ली हे वाक्य ‘माइंडफुलनेस’ या शब्दाला जोडून येते. माझी नात मानसशास्त्र शिकते. तिच्यासमोर बसून मी या विषयावरचे संशोधन वाचवून घेतले, अडले तिथे विचारले. त्यावरून जे मत झाले ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी मुळाचे बोलू. या पद्धतीचे मूळ आपल्या गाथेत नाही, भगवान बुद्धांच्या शिकवणीत आहे. श्वासाकडे, देहातल्या संवेदनांकडे, मनात उठणाऱ्या वृत्तींकडे नुसते पाहत राहणे ही बौद्धांची साधना. सत्यनारायण गोएंका ती ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी उभे राहिले. आपल्या नागपुरातूनही कितीतरी लोक दहा दिवसांच्या शिबिराला जातात. दीक्षाभूमीच्या गावात राहून तरी आपण दुसऱ्याच्या घरचे धन आपल्या नावावर चढवू नये.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये हीच साधना रुग्णांसाठी आणली. ज्यांचे दुखणे औषधाने हटत नव्हते असे लोक त्यांच्याकडे आले. आठ आठवड्यांचा वर्ग, आठवड्यातून एकदा एकत्र बसणे, रोज घरी पाऊण तास अभ्यास. धर्म बाजूला ठेवला, फक्त अभ्यास घेतला. पुढे टीजडेल, विल्यम्स आणि सीगल या तिघांनी तो नैराश्याच्या, म्हणजे डिप्रेशनच्या, रुग्णांसाठी बेतला. त्यांचा २००० सालचा १४५ जणांवरचा अभ्यास नातीने मला दोनदा वाचून दाखवला. नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांपैकी, नेहमीचेच उपचार चालू असलेल्या गटात ६६ टक्के लोकांना आजार उलटला. वर्गात बसलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. मात्र ज्यांना दोनच झटके आले होते त्यांना काही फायदा दिसला नाही, आणि त्यांनी तसे लिहूनही ठेवले. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. आपल्यात असे कोण लिहील?

दुसरी शाखा स्टीव्हन हेज यांची. त्यांना स्वतःला भीतीचे झटके येत. त्यांच्या पद्धतीचे पुस्तक १९९९ मध्ये आले. नावात दोन शब्द आहेत, स्वीकार आणि बांधिलकी. पहिला लगेच उचलला जातो, दुसरा गळतो. असे समजा, कीर्तन चालू आहे आणि मंडपाबाहेरून डीजे लावून वरात निघाली. कीर्तनकार वरातीशी भांडायला उतरला तर कीर्तन मोडले. कानात बोटे घालून उभा राहिला तरी मोडले. वरात आहे, आवाज आहे, हे मान्य करून त्याने चरण धरून ठेवला तर वरात आपल्या वाटेने जाते. हेज म्हणतात तो स्वीकार एवढाच. दुःख, भीती, नकोसा विचार यांना घालवण्याची झटापट थांबवायची. पण चरण धरून ठेवायचा, हा त्यातला दुसरा अर्धा भाग. आपल्याला जे मोलाचे वाटते त्या दिशेने आज एक पाऊल टाकायचे, मन राजी असो वा नसो.

आपल्या माळकऱ्याला हे समजायला पुस्तक लागत नाही. एकादशी, हरिपाठ, वारी हे नियम मनाला विचारून होत नाहीत. पाय सुजलेला वारकरी ‘आज चालावेसे वाटते का’ असे स्वतःला विचारत बसत नाही. विणा पुढे निघाला की तोही निघतो. इथे संशोधन आणि संप्रदाय खरेच शेजारी येतात. आणि हेच शेजारपण कीर्तनात कोणी सांगत नाही, कारण ‘मन शांत होते’ एवढे सांगणे सोपे असते.

एक अभ्यास मात्र तुमच्या-माझ्या जवळचा आहे. प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर कल्पवास करणाऱ्या ४१६ यात्रेकरूंना आणि न गेलेल्या १२७ जणांना जत्रेच्या आधी आणि नंतर त्यांच्या प्रकृतीविषयी विचारले गेले. २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. थंडी, गोंगाट, साधे जेवण, उघड्यावरचा मुक्काम, आणि तरी परतलेल्या यात्रेकरूंचे बरे वाटणे न गेलेल्यांपेक्षा वाढलेले होते. संशोधकांनी कारण शोधले ते संगतीत. कौंडण्यपूरच्या पालखीबरोबर चाललेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. पण मोबाईलच्या ॲपवर एकट्याने डोळे मिटून बसणाऱ्याला ही संगत कुठून मिळणार? या सगळ्या चळवळीत मला दिसणारा मोठा दोष हा आहे. अभ्यास घेतला, पण ज्या संघात तो चालत होता तो संघ मागे राहिला.

फळही सगळीकडे सारखे नाही. २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि साडेतीन हजार माणसे एकत्र तपासली, तेव्हा चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा ते मध्यम फायदा आढळला. पण औषध, व्यायाम किंवा दुसऱ्या उपचारांहून ध्यान वरचढ असल्याचा पुरावा मिळाला नाही. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांना हे शिकवून पाहिले, २०२२ मध्ये निष्कर्ष आले, आणि नेहमीच्या शिकवणीपेक्षा त्याचा लाभ दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी अभ्यासच केला नव्हता. (हरिपाठ पाठ करून घेणाऱ्या आजोबांना यात काही ओळखीचे वाटेल.) काहींना डोळे मिटून बसल्यावर भीती उलट वाढते, जुने घाव वर येतात, असेही नोंदवलेले आहे.

आता माझा मूळ आक्षेप. या साऱ्या मोजमापात माणसाला बरे वाटते का, हे प्रश्नावलीने ठरते. तुकोबांना ती प्रश्नावली दिली असती तर? दुष्काळात बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. पुढे वह्या इंद्रायणीत गेल्या आणि ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसले. त्यांच्या अभंगांतली तळमळ, देवावरचा राग, स्वतःविषयीचा तिटकारा, हे सारे त्या कागदावर आजाराच्या रकान्यात पडले असते. भक्तीला विरह लागतो, आणि विरहाला गुण कमी मिळतात. जनाबाई विठ्ठलाशी भांडते, ती काही ताण कमी करायला नव्हे. नामस्मरणात लक्ष आपल्या मनाकडे नसते, त्याच्याकडे असते. नाम हे माइंडफुलनेसच आहे असे म्हणणाऱ्याने त्यातून विठोबा काढून ठेवला, आणि काय काढले तेही त्याच्या लक्षात आले नाही.

यापेक्षाही मला टोचते ती ‘स्वीकारा’ची दुसरी वाट. कंपन्या नोकरांना बारा-बारा तास राबवतात आणि मग त्यांच्यासाठी ध्यानाचा वर्ग ठेवतात. आपणही वेगळे काय करतो? कापसाला भाव नाही, सावकाराचे व्याज चढलेले, बोंडअळीने बोंडे पोखरली, आणि समोर बसलेल्या शेतकऱ्याला आपण समाधान राखायला सांगतो. हेज यांनी दुःखाच्या भावनेचा स्वीकार सांगितला. दुःख देणाऱ्या व्यवस्थेचा नव्हे. गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले. त्यांचे कीर्तन प्रश्नांचे असे. कर्ज काढून सण का करता, दारू का पिता, पोराला शाळेत का घालत नाही? त्यांनी कोणाला सोसत बसायला सांगितले नाही. खराटा हातात घेऊन आधी गाव झाडले.

आणि जो खरोखर आजारी आहे त्याचे काय? आमच्या भागातल्या एका भजनी मंडळात एक जुना टाळकरी होता. दोन वर्षे तो येईना. घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, जेवण तुटले, झोप तुटली. मंडळी म्हणत, ‘नामात कमी पडला, बाप्पा.’ शेवटी गावच्या आशाताईने त्याला सरकारी दवाखान्यात नेले. गोळ्या सुरू झाल्या, आठवड्याला कोणीतरी येऊन बोलू लागले. तो परत आला तेव्हा टाळ धरताना हात कापत होते, पण धरला. ‘नामात कमी पडला’ म्हणणाऱ्यांपैकी कोणी त्याच्या घरी गेले नव्हते.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांत जेमतेम चार जण उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षाने सत्तावीस पोचू लागले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले. म्हणजे शंभरांतले त्र्याहत्तर तरीही राहिलेच. त्या त्र्याहत्तरांतले किती जण दर एकादशीला आपल्या समोर बसत असतील?

माधानच्या गुलाबराव महाराजांना तान्हेपणीच अंधत्व आले. ज्ञानोबांना बाप मानणाऱ्या या महापुरुषाने ‘मानसायुर्वेद’ नावाचा ग्रंथ केला. मनालाही आयुर्वेद लागतो, हे त्यांना भक्तीला कमीपणा आणणारे वाटले नाही. आपल्याला ते का वाटावे?

दिंडीच्या मालमोटारीत पायांच्या फोडांसाठी मलमपट्टीची पेटी असते. यंदा तिच्या झाकणाच्या आत जाड अक्षरांत १४४१६ हा आकडा लिहून ठेवा. टेली-मानस ही सरकारची फोनसेवा आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. पेटी ज्याच्या ताब्यात असेल त्याला हा आकडा कशाचा ते निघण्यापूर्वी समजावून सांगा, आणि मुक्कामी रात्री कोणी न जेवता कडेला बसलेला दिसला तर त्याच्याजवळ जाऊन बसायलाही सांगा.