बाप्तिस्मा कोणी घ्यायचा?

‘स्मृतिचित्रे’ शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो. या वर्षी तो मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारला : “सर, लक्ष्मीबाईंनी जात सोडली म्हणता, मग आमच्या गल्लीतल्या ख्रिस्ती लोकांची जात का सुटत नाही?” वर्ग हसला. मला हसता आले नाही. मी तशाच गल्लीतला. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) महार घराण्यातला, आजोबांपासून ख्रिस्ती झालेला आणि घरातला पहिला पदवीधर. या प्रश्नाचे उत्तर मला पाठ्यपुस्तकात मिळाले नाही. लहानपणी चर्चमध्ये घोकलेल्या प्रश्नोत्तरांतही मिळाले नाही.

ख्रिस्ती श्रद्धेविषयीचे नेहमीचे प्रश्न आपल्याला ठाऊक आहेत. देव एक की तीन? तारण श्रद्धेने की कर्माने? बाप्तिस्म्याने माणूस नवा होतो म्हणजे नेमके काय होते? १८४२ साली नगरला निघालेल्या ‘ज्ञानोदय’पासून बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रापर्यंत मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने अशा प्रश्नांचा भरपूर खल केला आहे. परंतु प्रश्न कोण विचारतो, कुठल्या वस्तीत उभा राहून विचारतो, हे आपल्या समीक्षेने फारसे पाहिले नाही. मला येथे तेवढेच पाहायचे आहे.

पहिल्या पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वॉन्टेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरच त्यांचे खरे प्रश्न सुरू झाले. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. तो प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा आहे. त्रैक्याचा सिद्धान्त त्या निमूटपणे स्वीकारत नाहीत. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवले, ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका आहे. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली, ती उगीच नव्हे. पण त्याच पत्रव्यवहारात ताटावरूनही वाद आहे. रमाबाई आपले शाकाहारी वळण सोडत नाहीत. जेराल्डिनबाईंना त्यात जातीचा अभिमान दिसतो. आपल्या वळणाचा हक्क सांगताना रमाबाई जातीचे संस्कार आपल्यात उरले असल्याचे नाकारत नाहीत. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. तरीही एक गोष्ट नोंदली पाहिजे. वाद आहे तो त्या कोणाच्या हातचे काय खातील याचा. त्यांच्या हातचे कोणी खाईल की नाही, हा प्रश्न त्यांच्यासमोर कधी आलाच नाही.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळाची हकीकत ‘स्मृतिचित्रे’त आली आहे. पुस्तक सुरू होते ते वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून. घरात येणारी वस्तू धुऊन घ्यायची, माणसालाही धुऊन काढायचे, असा तो प्रकार. अशा घरातली ही बाई ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे परतल्यावरही आपले सोवळे, आपली चूल वेगळी ठेवते. मग एके दिवशी तिच्या मनाशी उजाडते की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. आणि ती कोणाच्याही हातचे खायला तयार होते. धर्म नंतर आला, जात आधी गेली. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आमच्या प्रस्थापित समीक्षकांनी या पुस्तकातला विनोद वाखाणला, निवेदनातला साधेपणा वाखाणला, संसाराचे चित्र वाखाणले. सोवळ्याचे प्रसंग मात्र गमतीच्या खात्यात जमा केले. माझ्या मते या ग्रंथाचा कणा तोच आहे. मराठीत जात सोडण्याची इतकी खरी, इतकी निर्मळ हकीकत क्वचितच सापडेल.

पण ही जात सोडण्याची हकीकत आहे, आणि सोडता येते ती आपल्या हातातली गोष्ट. लक्ष्मीबाईंची जात त्यांच्या हातात होती. त्यांनी मूठ उघडली, ती गळून पडली. माझ्या आजीच्या मुठीत काय होते? तिची जात गावाच्या हातात होती. तिने मूर्ती सोडल्या, अंगात येणे सोडले, मेलेल्या ढोराचे मांस सोडले, प्रभूची प्रार्थना पाठ केली. गावाने तिला विहिरीवर येऊ दिले नाही. लिहिता न येणारी ही बाई एकदा चुलीपुढे बसून म्हणाली होती, “आपुन बाप्तिस्मा घेतला, पर गावानं कुठं घेतला?” धर्मांतरावर मी पुष्कळ वाचले आहे. याहून नेमका प्रश्न मला कुठे भेटला नाही.

हाच प्रश्न विचारवंताच्या भाषेत बाबासाहेबांनी विचारला. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवरचा त्यांचा निबंध महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात छापला. बाबासाहेब तेथे देव एक की तीन याची चर्चा करत बसत नाहीत. धर्मांतराने अस्पृश्याची अस्पृश्यता गेली का, आणि त्याच्यावरच्या अन्यायाविरुद्ध त्याच्या बाजूने कोण उभे राहिले, हे ते विचारतात. तुझी अधोगती तुझ्या पापामुळे झाली, असे अस्पृश्याला शिकवण्यात आले. ती या समाजरचनेमुळे झाली, हे सांगायला हवे होते, असा त्यांचा आक्षेप आहे. मला तो शब्दशः लागू पडतो. लहानपणी दर रविवारी मी पापांची क्षमा मागत होतो. कोणती पापे, ते आठवायला मला कष्ट पडत. गावाला मात्र कधी कोणी क्षमा मागायला सांगितले नाही.

आता सरकारचे उत्तर पाहा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हा दर्जा धर्माला बांधला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. १९८५ साली सुसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मांतरानंतर जात उरते एवढे दाखवून भागत नाही, नव्या धर्मातही तितकीच हलाखी आहे हे दाखवले पाहिजे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली या दर्जाची धर्माशी बांधलेली गाठ सोडावी अशी शिफारस केली. २०२२ साली याच प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. प्रश्न आयोगाकडून आयोगाकडे जातो. यामागचे गृहीत एकच : धर्म बदलला की जात गेली. म्हणजे लक्ष्मीबाईंची हकीकत माझ्या आजीची म्हणून कागदावर चढवली.

याचे फळ आमच्या घरात आहे. शाळेत नाव घालताना वडिलांनी माझ्यापुढे ‘ख्रिस्ती’ लिहिले. चुलत्यांनी माझ्या चुलतभावापुढे ‘हिंदू महार’ लिहिले. त्याला शिष्यवृत्ती मिळाली. माझ्या फीसाठी आईने कांदे खुडायला जाणे वाढवले. रविवारी आम्ही दोघे एकाच सतरंजीवर बसत असू. ‘खोटी साक्ष देऊ नको’ या आज्ञेवर प्रवचन झाले की चुलते मान खाली घालत. त्या वेळी मला आमच्या खरेपणाचा गर्व वाटे. आज त्याची लाज वाटते. पोराच्या शिक्षणासाठी बापाला आपला देव कागदावर नाकारायला लावणे, हे पाप कोणाच्या नावे मांडायचे?

येथे लेख संपवता आला असता, पण तो अर्धवट ठरला असता. आमच्या भागात महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एका वेदीपुढे गुडघे टेकतात, एकच गीत गातात. सोयरीक निघाली की मात्र ‘ते कोणातले?’ हे आधी विचारले जाते. माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या घरातही ते विचारले गेले, आणि मी गप्प बसलो. गावाच्या हातात आमची जात होती हे खरे. तिचा एक तुकडा आमच्याही मुठीत होता, आणि ती मूठ आम्ही उघडली नाही. मांगवाड्यातल्या एखाद्या आजीने आजीचाच प्रश्न माझ्या दारात येऊन विचारला, तर मी काय सांगू?

म्हणून त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या तासाला सांगितले ते असे. ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचा, पण विनोदासाठी वाचू नका. ज्याच्या हातात दुसऱ्याची जात आहे, त्याने ती कशी सोडायची, हे शिकण्यासाठी वाचा. तो धडा वरच्या आळीला आहे तसा आपल्या गल्लीलाही आहे. मात्र ज्याच्यावर जात लादली आहे, त्याला ‘तू का सोडत नाहीस?’ असे विचारू नका. तिने वहीत काही लिहून घेतले. मग विचारले, “सर, हे परीक्षेत लिहिलं तर मार्क देतील का?”