काळोखाची मर्यादा

ब्रासाय यांचे ‘पारी द न्वी’, म्हणजे ‘रात्रीचे पॅरिस’, हे छायाचित्रांचे पुस्तक १९३२ च्या डिसेंबरात पॅरिसमध्येच प्रसिद्ध झाले. पॉल मोरां यांची प्रस्तावना, साठांहून अधिक छायाचित्रे आणि वहीसारखी तारेची बांधणी, असा त्याचा साधा संसार. छायाचित्रणाच्या इतिहासात त्याचे स्थान केव्हाच निश्चित झाले आहे; त्याविषयी आमची तक्रार नाही. तथापि हे पुस्तक पुनःपुन्हा पाहताना एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला, तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. अंधारात असलेल्या माणसाला उजेडात आणण्याचा अधिकार छायाचित्रकाराला कोठवर आहे?

ब्रासाय यांचे मूळ नाव ग्युला हालास. जन्म १८९९ चा, ट्रान्सिल्व्हेनियातील ब्राशो गावचा. ते त्या वेळी हंगेरीच्या राज्यात होते, आज रुमानियात आहे. गावाच्या नावावरूनच त्यांनी टोपणनाव घेतले. १९२४ साली ते पॅरिसला आले, पत्रकारिता करू लागले आणि रात्रीच्या भटकंतीत रमले. काचेच्या प्लेटी घालावयाचा लहानसा कॅमेरा आणि ट्रायपॉड ही त्यांची शिदोरी. प्लेटीवर प्रकाश किती वेळ पडू द्यावयाचा, याचे मोजमाप ते सिगारेटीने करीत: उजेड बरा असेल तर एक गोलवाज संपेपर्यंत, काळोख दाट असेल तर जाड बोयार संपेपर्यंत.

हा किस्सा गमतीने सांगितला जातो. पण रात्रीच्या छायाचित्रणाचे सारे व्याकरण त्यात आहे. प्लेट असो वा फिल्म, मंद उजेडात ती प्रकाश थेंबाथेंबाने साठविते. तेवढा वेळ जे स्थिर राहील तेच उमटते. चालता माणूस विरून जातो, धावत्या मोटारीच्या दिव्यांची नुसती रेघ उरते. उघडा दिवा चौकटीत आला तर त्याभोवती पांढरा डाग पसरतो. म्हणून ब्रासाय दिवा झाडाच्या बुंध्याआड वा भिंतीआड दडवीत. पाऊस आणि धुके यांचे ते स्वागत करीत, कारण ओली फरसबंदी व दमट हवा हाच उजेड दूरवर पसरविते.

या रीतीने पाहिलेल्या शहरात ऐषआराम आहे, तसे श्रमही आहेत. ट्रामचे रूळ घासणारे कामगार ठिणग्यांच्या उजेडात वाकले आहेत. शौचकूप उपसणारी माणसे आपला पंप चालवीत आहेत. ले आल या मंडईत पहाटेपूर्वी भाजीच्या राशी रचल्या जात आहेत. दिवसाचे शहर ज्यांच्या जिवावर चालते त्यांना येथे मानाची जागा मिळाली, हे या पुस्तकाचे मोठे पुण्य.

मात्र रात्री सर्वांत स्थिर कोण असतो? निजलेला माणूस. आसरा नसलेल्यांची उघड्यावरची झोप ब्रासाय यांनी टिपली आहे, आणि तेथे आम्ही अडखळतो. काही प्रसंग त्यांनी मित्रांना उभे करून रचले होते, याबद्दल पुष्कळ टीका झाली आहे. आम्हांला त्याचे तितके वाईट वाटत नाही. जो चित्रासाठी उभा राहिला त्याने निदान संमती तरी दिली. झोपलेल्याला कोणी विचारले नाही. त्याची असहायता हीच छायाचित्रकाराची सोय झाली.

तरीही या पुस्तकावर ठपका ठेवून आम्हांला थांबता येत नाही. त्याच्या पानांतील काळा रंग पाहा. ग्राव्ह्यूर मुद्रणामुळे तो काजळासारखा दाट उतरला आहे, आणि माणसांचा पुष्कळसा भाग त्या काळोखातच राहू दिला आहे. पडल्या देहाची रेषा दिसते, त्याची ओळख झाकलेली राहते. १९७६ साली ब्रासाय यांनी त्याच काळातील कुंटणखाने आणि अफूचे अड्डे दाखविणारे ‘तिशीतील गुप्त पॅरिस’ हे पुस्तक काढले. तेथे अनेक चेहरे लख्ख उजळले आहेत. माहिती वाढली, पण आमच्या मते आदर उणावला. पहिल्या पुस्तकातला काळोख त्या माणसांवर पांघरूण घालीत होता. दुसऱ्यात ते ओढून काढले गेले.

आज खिशातला फोनदेखील अनेक चित्रे एकत्र करून रात्रीचा दिवस करतो. काय दिसावे यावर उजेडाचे बंधन जवळजवळ उरलेले नाही. अशा वेळी हे जुने पुस्तक अवश्य पाहावे. ब्रासाय यांच्या कॅमेऱ्याला जी मर्यादा यंत्राने घातली होती, ती आता पाहणाऱ्याने स्वतःच्या मनाने पाळावयाची आहे. ब्रासाय यांना ती प्रत्येक वेळी साधली असे आम्ही म्हणणार नाही; जेथे साधली तेथे त्यांची चित्रे आजही आपल्याला हळू बोलायला लावतात.