स्तनकर्करोगाचा अस्थिप्रसार आणि प्रतिमानिदान : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
स्तनाचा कर्करोग दूरवर पसरतो तेव्हा तो सर्वाधिक आढळतो हाडांत. विशेषतः मणके, फासळ्या, कटिभाग व मांडीच्या हाडात. त्याचे पहिले लक्षण बहुधा वेदना असते. गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात मात्र रोवणीत दिवसभर वाकून राबणाऱ्या स्त्रीची कंबरदुखी इतकी परिचित आहे की तिची दखल सहसा घेतली जात नाही. म्हणूनच प्रतिमानिदान येथे नेमके काय सांगते, याची चिकित्सा आवश्यक ठरते.

विवेचन :
बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम-९९एम युक्त औषध शिरेवाटे देऊन संपूर्ण सांगाड्याची प्रतिमा घेतात. ही प्रतिमा कर्कपेशी दाखवीत नाही. हाडाची नवनिर्मिती जेथे वाढली आहे ती जागा दाखवते. तिचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही यातच आहेत. हाडातील सुमारे ३० ते ५० टक्के खनिज नष्ट होईपर्यंत साध्या क्ष-किरण चित्रात दोष उमटत नाही. स्कॅन तो बराच आधी टिपतो. परंतु भरून येणारा अस्थिभंग, सांध्यांची झीज आणि मणक्याचा क्षय यांचेही ठिपके तसेच दिसतात. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात रक्तपुरवठा खंडित होऊन हाडाचा काही भाग मृत होतो. त्याचीही छाया स्कॅनवर पडते. उलटपक्षी, केवळ अस्थिमज्जेत असलेला प्रसार स्कॅनमधून निसटू शकतो. तो एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट दिसतो.

दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत रुग्ण स्त्रीलाच मोजावी लागते. वेदना श्रमाची मानली, तर मणका खचून पाय लुळे पडेपर्यंत निदान लांबू शकते. झिजेचा ठिपका प्रसार मानला, तर ती चौथ्या अवस्थेत गणली जाते आणि रोगमुक्तीचे उद्दिष्टच सोडले जाते. म्हणून एकट्या ठिपक्याची सीटी वा एमआरआयने पडताळणी आणि शंका उरल्यास सुईने ऊतक-तपासणी अपरिहार्य आहे. सरसकट स्कॅन हाही उपाय नव्हे; प्रारंभिक अवस्थेतील, प्रसाराचा धोका कमी असलेल्या रुग्णांत तो टाळावा, असे अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीने २०१२ मध्येच सुचविले.

निष्कर्ष :
गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही जमेची बाजू होय. तथापि केवळ यंत्रांनी निदान पूर्ण होत नाही. रुग्णाचे श्रम, जुनी इजा, क्षयाचा इतिहास व सिकलसेलची नोंद तपासणीच्या चिठ्ठीवर असेल, तरच प्रतिमेचा अर्थ योग्य लागेल. ही नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. तिला कोणतेही यंत्र लागत नाही.