बोलक्या प्राण्यांचें स्मरणरंजन

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन शहापुरास माझ्या घरीं आला होता. लहानपणीं दूरदर्शनवर पाहिलेली ‘जंगल बुक’ ही चित्रमालिका त्यानें मुलाला मोठ्या हौसेनें दाखविली. परंतु दुसरा भाग संपण्यापूर्वींच मुलगा उठून अंगणांत गेला. “सर, आजच्या मुलांची अभिरुचीच बिघडली आहे,” असें तो खिन्नपणें म्हणाला. त्याच्या त्या उद्गाराला तेव्हां नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा यत्न करतों.

प्रश्न अभिरुचीचा आहे कीं आठवणीचा, हें प्रथम ठरविलें पाहिजे. ही मालिका जपानांतील निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेनें १९८९ सालीं बावन्न भागांत तयार केली, आणि १९९३ च्या सुमारास ती हिंदी रूपांत आपल्याकडे रविवारीं सकाळीं दिसूं लागली. गुलजारांचें शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांचें संगीत आणि शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज, असा तिचा थाट होता. मी तेव्हां विशी ओलांडलेली होती; म्हणून पडद्यापेक्षां पडद्यापुढील मंडळींकडेच माझें लक्ष अधिक जाई. एका घरीं दूरदर्शनचा संच आणि ओसरीपर्यंत दाटलेलीं अर्ध्या आळीचीं मुलें. वीज जाईल कीं काय या धास्तीनें सारीं गप्प. आठवड्यांतून एकदांच भेटणारा मोगली पुढील रविवारपर्यंत त्यांच्या खेळांत वावरत असे. माझा विद्यार्थी ज्यासाठीं हळहळतो तें बव्हंशीं हें आहे. तें मोलाचें आहे खरें. परंतु तो त्या कृतीचा गुण नव्हे, आणि मुलाच्या हातीं तो देतांही येत नाहीं.

मग कृतीचा स्वतःचा गुण कोणता? बोलके प्राणी आपल्याला नवे नाहींत. पंचतंत्रांतील करटक व दमनक हे कोल्हे वस्तुतः राजदरबारांतील मुत्सद्दी आहेत. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं १८२८ मध्यें मराठींत आणलेल्या इसापनीतींतही सिंह आणि उंदीर हे मनुष्यस्वभावाचे मुखवटेच होत. याच शतकान्तीच्या सुमारास दूरदर्शनवर आलेल्या ‘टेलस्पिन’मध्यें तर बल्लू विमान चालवितो आणि शेरखान अंगांत कोट घालून मोठा व्यापार करतो. तें गमतीचें आहे. पण तेथें अस्वलाच्या जागीं एखादा लठ्ठ गृहस्थ बसविला, तरी कथेचें फारसें बिघडत नाहीं. किपलिंगच्या १८९४ च्या कथांत, आणि त्यांवरून रचिलेल्या या मालिकेंत, तसें नाहीं. तेथें प्राणी बोलतात, पण बोलतात तें भूक, शिकार, कळप आणि पाणी यांविषयीं. बोलण्यासाठीं वाघाला आपलें वाघपण सोडावें लागत नाहीं. पाटेकरांच्या तुटक शब्दफेकींतही खलपुरुषाच्या अट्टाहासापेक्षां दबा धरून बसलेल्या जनावराची सावधगिरीच मला अधिक जाणवली. हा गुण खरा आहे, आणि तो आठवणीच्या आधाराशिवाय टिकतो.

दोष झांकण्याचें मात्र कारण नाहीं. मुलाला कंटाळा आणणारी संथ गति कांहीं अंशीं गांभीर्याची आहे, तर कांहीं अंशीं थोड्या चित्रांत काम भागविण्याच्या काटकसरीची. सातपुड्याच्या अरण्यांत हिमालयांतील तांबडा पांडा मोगलीचा सवंगडी म्हणून वावरतो, आणि मोगलीच्या हातीं ऑस्ट्रेलियांतील बूमरँग येतें. मूळ कथेंत यांतलें कांहीं नाहीं.

परंतु मोठी चूक चित्रकारांची नसून आपली आहे. किपलिंगनें या कथा अमेरिकेंतील व्हर्माँट येथें बसून लिहिल्या. तरी स्थळ सिवनीच्या डोंगरांचें घेतलें, आणि शेरखान वैनगंगेच्या कांठीं राहतो हें पहिल्याच कथेंत सांगितलें. हीच वैनगंगा सिवनी जिल्ह्यांत उगम पावून आपल्या भंडाऱ्याशेजारून वाहते. माझ्या विद्यार्थ्यानें ही गोष्ट त्या दिवशीं प्रथमच ऐकली. तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवून मींही ती कधीं वर्गांत सांगितली नव्हती, याची मला लाज वाटली. आमचें बोलणें ऐकून अंगणांतला मुलगा मात्र दारांत येऊन उभा राहिला आणि विचारूं लागला, “मग तो वाघ पुलावरून इकडे येतो का?” ज्याची अभिरुचि बिघडली म्हणून आम्ही खेद करीत होतों, त्यानें आमच्यापेक्षां नेमका प्रश्न विचारला होता.

स्मरणरंजनाचा खरा तोटा येथें दिसतो. तें आपल्याला बोलक्या वाघापाशींच थांबवून ठेवतें. पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत असलेल्या नागझिऱ्यावर व्यंकटेश माडगूळकरांनीं लिहिलेल्या ‘नागझिरा’ या पुस्तकांत एकही जनावर माणसासारखें बोलत नाहीं. तरी जंगल किती सांगतें हें तेथें कळतें. लहानपणीं ज्यानें बोलता वाघ ऐकला, त्यानें मोठेपणीं या न बोलणाऱ्या वाघाकडे वळावें, हा स्वाभाविक क्रम होय. आपल्यापैकीं बहुतेकांनीं पहिली पायरी जपून ठेविली आणि दुसरी चढण्याचें टाळलें.

म्हणून माझ्या विद्यार्थ्याला सांगणें एवढेंच कीं, मालिकेचा आग्रह सोडावा. मुलाला एकदां नदीवर न्यावें आणि कथा आपल्या तोंडानें सांगावी. हा शेजारचा वाघ आजवर इंग्रजी बोलला, जपानी बोलला, हिंदीही बोलला. झाडीबोलींत तो बोललेला मीं तरी ऐकलेला नाहीं.