पीठ कुठून आले?

दुसऱ्या महायुद्धावरच्या इंग्रजी कादंबऱ्यांत गेल्या दीडेक दशकात बेकरीने चांगलेच बस्तान बसवले आहे. साचा ठरलेला असतो. युद्धात होते-नव्हते ते गमावलेली नायिका, आजीच्या हातची पाककृती, आणि शेवटी पाव फुगतो तशी तिची उमेदही. खप असल्यामुळे कुरकुर करणारे थोडे. माझी कुरकुर एवढीच, की या गोष्टींत पाव रोज भाजला जातो, पण पीठ कुठून आले हे सहसा कोणी विचारत नाही.

स्टीफन कीर्नन यांनी 'द बेकर्स सीक्रेट'मध्ये (2017) ते विचारले आहे. जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्मंडीत एमाला रोज बारा बॅगेत भाजून द्यायचा हुकूम आहे. मोजून मिळालेल्या पिठात ती दळलेला पेंढा मिसळते आणि दोन जास्तीचे पाव काढून गावात वाटते. पेंढा अधिकाऱ्याच्या जिभेला कळता कामा नये आणि वाटा कोणाला किती हेही तिनेच ठरवायचे, या कसरतीवर कादंबरी उभी राहते. इथे भट्टी जमली आहे. पण दोस्तांच्या फौजा किनाऱ्यावर उतरतात आणि गोष्ट आटोपते. गाव पुढे जगले कसे, हा प्रश्न उरतोच.

सारा मॅकॉय यांच्या 'द बेकर्स डॉटर'मध्ये (2012) गार्मिशच्या बेकरीवर नाझी अधिकाऱ्याची मेहेरनजर आहे, आणि तोच मालकाच्या मुलीला, एल्सीला, मागणी घालतो. म्हणजे पीठ आले त्याची किंमत आहे. मॅकॉय ती किंमत दाखवतात, पण कादंबरीचा जीव 1945 चे गार्मिश आणि कित्येक दशकांनंतरचे टेक्सासमधले एल पासो या दोन टोकांतच अडकतो. जोडी पिको यांच्या 'द स्टोरीटेलर'मध्येही (2013) छळछावणी आणि आजची अमेरिका अशीच उडी आहे. मात्र पाव दिला म्हणजे क्षमा झाली, हे सोपे समीकरण पिको मान्य करत नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

गळतात ती वर्षे नेमकी उभारणीची. ब्रिटनमध्ये युद्ध चालू असताना पावावर रेशन नव्हते; ते लागले जुलै 1946 मध्ये, विजयानंतर, आणि उठले 1948 मध्ये. जिंकलेल्या देशाची ही कथा, तर हरलेल्यांची काय सांगावी! आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित 1948 पर्यंत राहिले, कारण युद्ध संपले तरी अनेकांना परतण्यासारखे घर उरले नव्हते. ज्या पुस्तकांना 'युद्धानंतरची' म्हणायचे, त्यांत हा लटकलेला काळ हवा.

सोफी मॅकिंटॉश यांची 'कर्स्ड ब्रेड' (2023) तिथे शिरते, पण दिलासा द्यायला नाही. 1951 मध्ये फ्रान्समधल्या पाँ-सँ-एस्प्रीत पावातून विषबाधा होऊन माणसांना भास होऊ लागले, काही दगावली. कारणावर आजही वाद आहे. त्या घटनेवर बेतलेल्या या कादंबरीत बेकरची बायको बोलते, आणि तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवणे अवघड होत जाते. भाषा कुठे कुठे अति सजलेली आहे. तरी पावाविषयीचा भाबडेपणा तिने झटकला, हे मोठे.

खरी कादंबरी पडून आहे ती हिरोशिमात. कार्ल युहाइम हा जर्मन युद्धकैदी. 1919 मध्ये त्याने ज्या प्रदर्शन-भवनात आपला बाउमकुखेन केक मांडला, त्याच इमारतीचा सांगाडा आज अणुबॉम्ब घुमट म्हणून उभा आहे. युहाइम 14 ऑगस्ट 1945 ला, जपानच्या शरणागतीच्या आदल्या दिवशी, वारला. त्याची पत्नी जर्मनीला पाठवली गेली, आणि 1953 मध्ये परतून तिने धंदा सांभाळला. त्याच हिरोशिमात 1948 मध्ये ताकाकी बेकरी निघाली. 1967 मध्ये तिने बॉम्बातून वाचलेल्या बँकेच्या इमारतीत दुकान थाटले.

आणि या सगळ्यांपेक्षा प्रामाणिक मला वाटतो तो आनपानमान. त्याचे जनक ताकाशी यानासे चीनमध्ये सैनिक होते, तिथे भूक भोगली; धाकटा भाऊ युद्धात गेला. त्यांचा नायक भुकेल्याला स्वतःचा चेहराच तोडून खायला देतो. गोड डाळीच्या सारणाचा पाव आहे तो. चेहरा गेला की ताकद कमी होते, आणि जॅम काकांना नवा भाजावा लागतो. 1973 च्या या चित्रपुस्तकाला ऐतिहासिक कादंबरीच्या कपाटात कोणी ठेवणार नाही. मी ठेवीन, कीर्ननच्या शेजारी.