योरुबा वारसा : जतन आणि निर्मिती

नायजेरियातील योरुबा परंपरेची ओळख जगाला मुख्यत्वे वोले सोयिंका यांच्या इंग्रजी लेखनातून झाली. परंतु डी. ओ. फागुनवा यांनी १९३८ मध्येच योरुबा भाषेत कादंबरी लिहून शिकारी, अरण्य आणि भुतेखेते यांच्या मौखिक कथाविश्वाला ग्रंथरूप दिले होते. तीत ख्रिस्ती नीतिबोधही मिसळलेला आहे. म्हणजे परंपरा त्यांनी केवळ जपली नाही, ती नव्याने घडविली. सोयिंका यांनी १९६८ मध्ये या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला. तथापि योरुबात उच्च, मध्य व नीच अशा तीन सुरांनुसार शब्दाचा अर्थ पालटतो. ही नादमयता अनुवादात पूर्णपणे उतरणे अशक्यच. अनुवादाने वारशाची कीर्ती वाढते. त्याचे आयुष्य मात्र मूळ भाषेतील नव्या निर्मितीवरच अवलंबून राहते.