सहवास आणि वर्ग

गूगलच्या 'लॅब्स' या प्रयोगदालनातील (२००२–२०११) साधने पारखू पाहणाऱ्या ग्रंथपालास 'सेट्स' प्रथमदर्शनीच मोह घाली. दोनतीन नावे दिली की त्यांच्या जोडीची आणखी नावे ते पुरवी. ती कोणत्या नात्याने एकत्र आली, हे मात्र सांगत नसे. महाजालावरील याद्यांत जे शब्द वारंवार शेजारी आढळत, ते सजातीय मानावयाचे, अशी ही रीत. परंतु सहवास म्हणजे वर्ग नव्हे. मीठ आणि मिरची वाण्याच्या यादीत नित्य शेजारी असतात; म्हणून मीठ काही वनस्पती ठरत नाही! रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरणात (१९३३) विभाजनाचे लक्षण आधी निश्चित करावे लागते. म्हणूनच एखादा ग्रंथ भलत्या जागी गेला तर ती चूक दाखविता येते. 'सेट्स'ची चूक दाखवावी तरी कशी?

त्याच दालनातील 'ट्रान्झिट' हे प्रवासयोजनेचे साधन डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहरापासून सुरू झाले. त्याला आधार होता तो 'ट्रायमेट' या तेथील वाहतूकसंस्थेच्या वेळापत्रकाचा. गाडी, थांबा, वेळ, सारे पडताळता येई. संदर्भसेवेत वाचकाच्या हाती हे निःशंकपणे देता आले असते. 'सेट्स'ची यादी मात्र विसरलेला शब्द आठवण्यापुरतीच.